‘घट्ट धरणे’ या अर्थाची इंग्रजी क्रियापदे : अर्थ व उपयोग



इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा आणि ग्रिप, ग्रास्प, क्लच, क्लास्प व क्लिंग हे पाच शब्द काढून पाहा. बहुधा पाचही ठिकाणी ‘घट्ट धरणे’ किंवा त्याच्या जवळचाच अर्थ दिलेला सापडेल. विद्यार्थी पाचही शब्दांसमोर तो एकच अर्थ वहीत लिहून घेतो, पाठ करतो आणि परीक्षेत गाळलेली जागा भरायची वेळ आली की गोंधळतो. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. कोशाने त्याला अर्थ दिला, पण त्या शब्दामागचे चित्र दिले नाही.

वास्तविक असे भेद मराठी माणसाला नवीन नाहीत. आपण बैलाचा कासरा धरतो, चोर पकडतो, गाठ आवळतो, हरवलेले मूल सापडले की त्याला कवटाळतो. घाबरलेले मूल आईला बिलगते, आणि घार कोंबडीच्या पिलावर झडप घालते. यांतील एक शब्द काढून त्या जागी दुसरा घातला, तर शाळेचे तोंडही न पाहिलेली आपली आजी चटकन चूक दाखवील. म्हणजे ज्ञान आपल्यापाशी आहेच. ते इंग्रजी शब्दांना कसे लावावे, एवढेच शिकायचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

१. चार प्रश्न

या गटातील कोणतेही क्रियापद वापरण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

(अ) कशाने धरले? बोटांनी, मुठीने, दोन्ही बाहूंनी, की सर्व अंगाने?
(आ) क्रिया क्षणभराची आहे की टिकून राहणारी?
(इ) धरणाऱ्याच्या मनात काय आहे? भीती, राग, माया, हाव, की केवळ कामाची गरज?
(ई) क्रियापदानंतर वस्तूचे नाव थेट येते, की मध्ये ‘टू’ किंवा ‘ॲट’ असा छोटा शब्द लागतो?

या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की योग्य शब्द बहुतेक वेळा आपोआप समोर येतो.

२. होल्ड : या कुटुंबातील वडीलधारा शब्द

‘होल्ड’ म्हणजे साधे धरणे. हा शब्द किती जोराने, कशासाठी, कोणत्या भावनेने, यांपैकी काहीच सांगत नाही. ‘शी हेल्ड द चाइल्ड्स हँड’ म्हणजे तिने मुलाचा हात धरला, एवढेच. जोर दाखवायचा असेल तर ‘टाइटली’ किंवा ‘टाइट’ हा शब्द जोडावा लागतो. ‘होल्ड टाइट’ म्हणजे ‘गच्च धर’. अशा छोट्या आज्ञेत क्रियापदानंतर ‘टाइट’ येतो, तर ‘टाइटली हेल्ड’ अशा रचनेत आधी ‘टाइटली’च लागतो.

‘होल्ड’ टिकणारी क्रिया दाखवतो. धरायला सुरुवात केली, तो क्षण दाखवायचा असेल तर ‘टेक होल्ड ऑफ’ किंवा ‘कॅच होल्ड ऑफ’ म्हणतात. ‘गेट होल्ड ऑफ’चा आणखी एक अर्थ ‘खटपटीने मिळवणे’ असा आहे. परीक्षा जवळ आली की जुन्या प्रश्नपत्रिका आपण ‘गेट होल्ड ऑफ’ करतो.

शंका आली तर ‘होल्ड’ वापरावा. शब्द फिका पडेल, पण चुकणार नाही.

३. ग्रिप आणि ग्रास्प

‘ग्रिप’ म्हणजे निसटू नये म्हणून पंजाने किंवा मुठीने पक्के धरणे. येथे मुख्य गोष्ट घर्षण आणि जोर ही आहे. हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आलाच आहे. बॅटच्या दांड्यावरील रबराला आपण ग्रिप म्हणतो, आणि टायर झिजले की ‘गाडीला ग्रिप राहिली नाही’ असे म्हणतो. म्हणून रस्सीखेचीच्या खेळात दोर ‘ग्रिप’ केला जातो. याचा लाक्षणिक उपयोगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गाव दुष्काळाच्या विळख्यात सापडले, तर ते ‘इन द ग्रिप ऑफ’ दुष्काळ असते. मनाला पकडून ठेवणाऱ्या कथेला ‘ग्रिपिंग’ म्हणतात.

‘ग्रास्प’ मध्ये हात पुढे जातो, बोटे वस्तूभोवती मिटतात आणि वस्तू ताब्यात येते. ‘ग्रिप’ म्हटले की धरून ठेवण्याचा जोर डोळ्यांपुढे येतो. ‘ग्रास्प’ म्हटले की वस्तू कवेत येण्याची क्रिया दिसते. म्हणूनच ‘ग्रास्प’चा दुसरा अर्थ ‘समजणे’ असा झाला. ‘शी ग्रास्प्ट द मीनिंग’ म्हणजे तिला अर्थ उमगला. मराठीतही हेच घडले आहे. ‘आकळणे’ म्हणजे ताब्यात आणणे, आणि ‘आकळणे’ म्हणजेच समजणे. ‘ग्रहण करणे’ म्हणजे घेणे, आणि मनात घेणेही. इंग्रजीतील ‘कॉम्प्रिहेंड’ आणि ‘ॲप्रिहेंड’ हे शब्दही ‘पकडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेले आहेत. ‘ॲप्रिहेंड’चा तर आजही ‘अटक करणे’ आणि ‘समजणे’ असा दुहेरी अर्थ होतो. मनाने वस्तू धरणे म्हणजेच समजणे, ही कल्पना अनेक भाषांत आहे.

४. क्लच, क्लेंच आणि क्लास्प

हे तीन शब्द दिसायला सारखे, म्हणून येथेच सर्वांत जास्त चुका होतात.

‘क्लच’ मध्ये मनाची घालमेल आहे. भीतीने, वेदनेने किंवा वस्तू जाईल या चिंतेने धरणे म्हणजे ‘क्लच’. बाजाराच्या गर्दीत म्हातारी पैशांची पिशवी उराशी धरते, तेव्हा ती ‘क्लच’ करते. छातीत कळ आली की माणूस छाती ‘क्लच’ करतो. मराठीत प्रसंगानुसार ‘गच्च धरणे’ किंवा ‘उराशी कवटाळणे’ असे म्हणावे लागेल. मोटारसायकलचा क्लच सर्वांना माहीत आहे. त्यातील चकत्या एकमेकींना घट्ट चिकटून इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवतात, म्हणून त्याला हे नाव पडले. गंमत अशी की आपण क्लच ‘दाबतो’ तेव्हा ही पकड सुटते.

‘क्लेंच’ हा आवळण्याचा शब्द आहे. शरीराचाच एखादा भाग आवळला जातो तेव्हा तो प्रामुख्याने येतो : मूठ, दात, जबडा. ‘ही क्लेंच्ट हिज फिस्ट’ म्हणजे त्याने मूठ आवळली. मुठीत काही असलेच पाहिजे असे नाही. मनात राग, निश्चय किंवा सहन केलेली वेदना असते. याचेच दुसरे रूप ‘क्लिंच’. ते आज सौदा पक्का करणे किंवा सामना जिंकून घेणे यासाठी वापरले जाते. या दोहोंत घोटाळा करू नये.

‘क्लास्प’ हा मायेचा आणि वेढून धरण्याचा शब्द आहे. बोटे किंवा बाहू वस्तूभोवती गुंफले जातात. निकाल ऐकून दोघी बहिणी एकमेकींचे हात हातांत घेतात, तेव्हा त्या ‘क्लास्प’ करतात. गळ्यातील माळेची दोन टोके अडकवण्याच्या आकड्यालाही ‘क्लास्प’ म्हणतात, यावरून चित्र स्पष्ट होईल. येथे एक सूचना करावीशी वाटते. वंदनेच्या वेळी आपण तळहात जोडतो. त्याला ‘क्लास्प्ट हँड्स’ म्हटले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकमेकांत गुंतवलेली बोटे येतात. आपल्या हात जोडण्याला ‘फोल्डेड हँड्स’ किंवा ‘जॉइन्ड पाम्स’ म्हणावे.

५. क्लिंग

‘क्लिंग’ म्हणजे बिलगणे, चिकटून राहणे. येथे केवळ हात नसतो, सर्व अंग असते. मूल आईला ‘क्लिंग्ज टू’, भिजलेला सदरा अंगाला ‘क्लिंग्ज टू’, बुडणारा माणूस फळीला ‘क्लिंग्ज टू’. त्यामुळे निर्जीव वस्तूही ‘क्लिंग’ करू शकते. भिजलेला सदरा अंगाला ‘क्लच’ करू शकत नाही, कारण त्याला मन नाही.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. या शब्दानंतर ‘टू’ हवाच; ‘द चाइल्ड क्लंग हिज मदर’ हे चुकीचे, ‘क्लंग टू हिज मदर’ हे बरोबर. आणि भूतकाळी रूप ‘क्लिंग्ड’ नसून ‘क्लंग’ आहे.

६. क्षणात घडणारी धरपकड : ग्रॅब, सीझ, स्नॅच, कॅच

आतापर्यंतचे बहुतेक शब्द टिकणाऱ्या क्रियेचे होते. हे चार झटक्याचे आहेत.

‘ग्रॅब’ म्हणजे झटकन, काहीशा रांगडेपणाने पकडणे. बसने एकदम ब्रेक मारला की उभा माणूस वरची दांडी ‘ग्रॅब’ करतो. ‘सीझ’ अधिक जोरकस आणि गंभीर आहे. त्यात बळ किंवा कायद्याचा अधिकार असतो. कर्जाचे हप्ते थकले की ‘गाडी सीझ केली’ आणि तेल संपले की ‘इंजिन सीझ झाले’, हे आपण ऐकतोच. ‘स्नॅच’ म्हणजे हिसकावणे. ‘चेन स्नॅचिंग’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतही वाचावयास मिळतो. ‘कॅच’ हे हलणारी, पळणारी किंवा निसटणारी गोष्ट पकडण्यासाठी : चेंडू, चोर, बस. म्हणून स्थिर दांडीला धरून उभे राहण्यास ‘कॅच’ म्हणू नये. ‘रस्ता ओलांडताना माझा हात धर’ याचे भाषांतर पुष्कळ विद्यार्थी ‘कॅच माय हँड’ असे करतात. ते ‘होल्ड माय हँड’ असे हवे.

ओळखण्याची सोपी कसोटी अशी : वाक्यात ‘दहा मिनिटे’ घालून पाहा. ‘त्याने दहा मिनिटे दोर धरून ठेवला’ हे चालते, म्हणून होल्ड, ग्रिप, क्लच चालतील. ‘घारीने दहा मिनिटे झडप घातली’ असे कोणी म्हणत नाही. तसेच ‘ग्रॅब्ड फॉर टेन मिनिट्स’ असेही म्हणत नाहीत.

७. व्याकरणाच्या तीन गोष्टी

पहिली : ‘ॲट’. ‘क्लच’, ‘ग्रास्प’, ‘ग्रॅब’ व ‘स्नॅच’ यांच्यापुढे ‘ॲट’ आला की धरण्याचा प्रयत्न दिसतो. वस्तू हाती आलीच असे नसते. ‘ही ग्रॅब्ड द रोप’ म्हणजे दोर हातात आला. ‘ही ग्रॅब्ड ॲट द रोप’ म्हणजे त्याने दोराला हात घातला, पुढचे माहीत नाही. ‘क्लच ॲट स्ट्रॉज’ हा इंग्रजी वाक्प्रचार आणि आपली ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण यांत काडीसुद्धा तीच आहे.

दुसरी : ‘बाय द’. शरीराच्या भागाला धरले असता इंग्रजीत आधी माणूस येतो, मग भाग : ‘शी टुक मी बाय द हँड’. येथे ‘बाय माय हँड’ नव्हे, ‘बाय द हँड’. मराठीतही ‘तिने मला हाताला धरून नेले’ अशीच रचना आहे. बखोटीला धरणे, कॉलरला धरणे, मानगुटीला धरणे, या सर्वांना हीच रचना लावावी.

तिसरी : भूतकाळी रूपे. होल्डचे हेल्ड, क्लिंगचे क्लंग आणि कॅचचे कॉट ही अनियमित आहेत. बाकीच्यांना ‘इडी’ लागते. ग्रिपमध्ये ‘पी’ व ग्रॅबमध्ये ‘बी’ हे अक्षर त्या वेळी दोनदा येते. उच्चार मात्र ‘ग्रिपेड’, ‘क्लचेड’ असा करू नये; ग्रिप्ट, ग्रास्प्ट, क्लच्ट, क्लेंच्ट, क्लास्प्ट, स्नॅच्ट असा ‘ट’, आणि ग्रॅब्ड, सीझ्ड असा ‘ड’ उच्चारावा.

८. प्रत्येक ‘धरणे’ म्हणजे ‘होल्ड’ नव्हे

मराठीतील ‘धरणे’ हा शब्द फार मोठ्या कामाचा आहे. तो इंग्रजीत नेताना शब्दाला शब्द ठेवला तर फजिती होते. धीर धरणे म्हणजे ‘बी पेशंट’. हट्ट धरणे म्हणजे ‘इन्सिस्ट’. मौन धरणे म्हणजे ‘कीप सायलेंट’. मूळ धरणे म्हणजे ‘टेक रूट’. फळ धरणे म्हणजे ‘बेअर फ्रूट’. जोर धरणे म्हणजे ‘गॅदर मोमेंटम’. कचेरीसमोर धरणे धरले, तर ‘स्टेज्ड अ सिट-इन’. मनात अढी धरणे तेवढे ‘होल्ड अ ग्रज’ असे जुळते.

९. हा भेद का महत्त्वाचा?

कोणी म्हणेल, ग्रिप काय आणि ग्रॅब काय, समोरच्याला समजले म्हणजे झाले. परंतु आपल्यातील अनेक तरुण-तरुणी आज वकिली, भाषांतर, पत्रकारिता आणि सरकारी सेवा या क्षेत्रांत आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न गुणांपुरता उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांत साक्षी-जबाब मोठ्या प्रमाणावर मराठीत नोंदवले जातात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मधील तरतुदीमुळे सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. मुंबई उच्च न्यायालयातही तेच आहे. प्रकरण वर गेले की जबाबाचे भाषांतर होते. समजा, एखाद्या स्त्रीने सांगितले, ‘त्याने माझा हात गच्च पकडला आणि सोडेना.’ भाषांतर करणाऱ्याने ‘ही हेल्ड माय हँड’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्यापुढे दोन ओळखीची माणसे हातात हात घालून उभी राहतात. तिच्यावर झालेली बळजबरी कागदावरून पुसली गेली. येथे ‘ही ग्रिप्ट माय हँड अँड वुड नॉट लेट गो’ असेच लिहिले पाहिजे.

याची उलट बाजूही आहे. जबाबात नुसते ‘हात धरला’ असे असताना ‘सीझ्ड’ लिहिले, तर जे सांगितलेच नाही ते तिच्या तोंडी घातले जाते, आणि उलटतपासणीच्या नोंदीशी ते जुळले नाही की खऱ्या साक्षीवरही संशय येतो. म्हणून नियम असा : मुळात ‘धरला’ असेल तर हेल्ड किंवा टुक होल्ड ऑफ, ‘गच्च धरला’ असेल तर ग्रिप्ट, ‘झटकन पकडला’ असेल तर ग्रॅब्ड, ‘हिसकावले’ असेल तर स्नॅच्ट. कमी नाही, जास्तही नाही. ज्याला स्वतःला इंग्रजी येत नाही, त्याचा न्याय अशा एका क्रियापदावर अवलंबून असू शकतो.

१०. धम्मवाङ्मयातील ‘धरणे’

धम्मग्रंथांची इंग्रजी भाषांतरे वाचणाऱ्यांनाही हे शब्द पदोपदी भेटतात. पालीतील ‘उपादान’ या शब्दासाठी इंग्रजीत ‘क्लिंगिंग’ किंवा ‘ग्रास्पिंग’ असे शब्द योजलेले आढळतात. ‘क्लिंगिंग’ वाचले की बिलगून राहिलेले, सोडवत नसलेले मन दिसते. ‘ग्रास्पिंग’ वाचले की घेण्यासाठी पुढे झालेला हात दिसतो. दोन्ही भाषांतरे एकाच शब्दाच्या दोन बाजू दाखवतात.

मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्त हे या विषयासाठी फारच बोधप्रद आहे. सापाला शेपटीला किंवा वेटोळ्याला धरले तर तो उलटून दंश करतो. काठीने डोके दाबून मानेला नीट धरले तर तो अपाय करू शकत नाही. त्याचप्रमाणे जो धम्म शिकतो पण त्याच्या अर्थाची प्रज्ञेने पारख करीत नाही, त्याने तो चुकीचा धरलेला असतो, असे तेथे सांगितले आहे. पालीत यासाठी ‘दुग्गहित’ आणि ‘सुग्गहित’ असे शब्द आहेत, आणि इंग्रजीत ‘ग्रास्प’ हा शब्द येथे चपखल बसतो. त्याच सुत्तात तराफ्याचा दृष्टान्त आहे. तराफा पैलतीरी जाण्यासाठी असतो, पार झाल्यावर डोक्यावर घेऊन फिरण्यासाठी नाही. नीट धरणे आणि धरून बसणे, म्हणजेच ‘ग्रास्प’ आणि ‘क्लिंग’, यांतील अंतर याहून सोप्या रीतीने सांगणे कठीण आहे.

शेवटी आणखी एक शब्द. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. इंग्रजी पुस्तकांत या घटनेसाठी ‘एम्ब्रेस्ड बुद्धिझम’ असे शब्द नेहमी आढळतात. ‘एम्ब्रेस’ म्हणजे बाहूंत घेणे. हा शब्द ‘बाहू’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. येथे ‘ग्रॅब्ड’ चालणार नाही, कारण ही घाईने केलेली गोष्ट नव्हती. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपासून एकवीस वर्षांचा विचार तिच्यामागे होता. ‘क्लंग टू’ही चालणार नाही, कारण तेथे भीती नव्हती. आपला ‘अंगीकार’ हा शब्द याला जुळतो, कारण त्यातही ‘अंग’ आहे.

११. स्वाध्याय

पुढील वाक्यांतील ठळक क्रियेसाठी कोणते इंग्रजी क्रियापद योग्य ठरेल? आधी चार प्रश्न विचारा, मग उत्तर लिहा.

(१) घसरताना आजोबांनी जिन्याचा कठडा झटकन पकडला.
(२) ओली माती खुरप्याला चिकटून राहिली होती.
(३) दात आवळून त्याने जखम धुऊ दिली.
(४) तिसऱ्यांदा वाचल्यावर तिला प्रमेय आकळले.
(५) निरोप घेताना मावशींनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.
(६) घाबरलेला मुलगा दप्तर छातीशी गच्च धरून उभा होता.
(७) सुताराने पटाशीची मूठ घट्ट पकडली.
(८) थोडा धीर धर.

उत्तरे : (१) ग्रॅब्ड. (२) क्लंग टू. ‘टू’ विसरू नये. (३) क्लेंच्ट. (४) ग्रास्प्ट. (५) क्लास्प्ट. (६) वॉज क्लचिंग. मनात भीती आहे. (७) ग्रिप्ट, मनात केवळ काम आहे. (८) बी पेशंट; येथे ‘होल्ड’चा संबंध नाही.

विद्यार्थ्यांनी हे शब्द यादी करून पाठ करू नयेत. दिवसभरात घरात, शेतात, बसमध्ये, कारखान्यात आपले हात काय काय धरतात ते पाहावे आणि प्रत्येक वेळी त्याचा इंग्रजी शब्द मनात म्हणावा. आठ दिवसांत हे शब्द आपले होतील. अर्थ पारखून धरलेला शब्द परीक्षेतही सुटत नाही आणि परीक्षेनंतरही उपयोगी पडतो.